मदत हवी आहे: १९१८ च्या घोडेस्वाराची ब्रीचेस कशी बेतायची?

नमस्कार मंडळी,

पहिल्या महायुद्धातल्या हैफाच्या (आजच्या इस्रायलमधलं शहर) लढाईवर (२३ सप्टेंबर १९१८) एकांकिका बसवतोय. जोधपूर लान्सर्स या जोधपूर संस्थानच्या घोडदळाचे दोन स्वार आहेत, कपडेपट माझ्याकडे. त्यांना ब्रीचेस, म्हणजे गुडघ्याखाली संपणारी घोडेस्वारीची विजार, हवी आहे. भाड्याने मिळतात त्या विजारी मांडीवर नुसत्या फुग्यासारख्या. त्या घालून घोड्यावर कोण बसेल?

मांडीवरच्या घोळामागचं (सैलपणामागचं) कारण मला कळतं. मागावरचं जाड कापड ताणत नाही, त्यामुळे रिकिबीत पाय ठेवून मांड ठोकायची तर वर मोकळीक हवीच. गुडघ्याखाली मात्र चुणी पडली की खोगिराशी घासून कातडी सोलवटते, म्हणून तिथे घट्ट. नेपोलियनच्या काळातले स्वार वरपासून घट्ट ब्रीचेस घालत, पण त्या बऱ्याचदा हरणाच्या कातड्याच्या असत आणि कातडं अंगाबरोबर ताणतं. मोहिमेवर ते बाहेरच्या बाजूला बटणांची रांग आणि पायांच्या आतल्या बाजूला चामडं लावलेली ढगळ विजार घालत. पुढे ताणणारे धागे आले आणि घोळाचं कामच संपलं.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. जोधपूर राजघराण्यातले सर प्रताप सिंह १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला पोलो संघ घेऊन गेले आणि जोधपुरी विजार विलायतेत गाजली. ती घोट्यापर्यंत येते. आमचे दिग्दर्शक म्हणतात, जोधपूरचे स्वार म्हणजे जोधपुरीच. मला हे पटत नाही, पण वाद घालायला आधार हवा. शिवाय घोळ नेमका कुठे द्यायचा?

प्रतिसाद १:
तुमची शंका रास्त आहे. जोधपुरी शोभते पोलोच्या मैदानावर. पहिल्या महायुद्धातल्या रिसाल्यांचा वेष म्हणजे खाकी ब्रीचेस, त्याखाली पायपट्ट्या (पोटरीभोवती गुंडाळायच्या कापडी पट्ट्या) आणि घोट्यापर्यंतचे बूट. पट्ट्या गुंडाळताना सांभाळा: पायदळ घोट्याकडून वर गुंडाळतं, घोडदळ गुडघ्याकडून खाली. म्हणजे घोडदळात पट्टी बांधायची नाडी घोट्याशी येते. प्रेक्षकांत एखादे निवृत्त फौजी असले तर आधी तिथेच बघतील!
घोळ बाहेरच्या शिवणीत द्या, आतली बाजू सपाट ठेवा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला त्याच कापडाचं ठिगळ लावा, खोगिराला घासणारा भाग तोच.

धागाकर्ता:
आभार! दिग्दर्शकांना हाच प्रतिसाद वाचायला देतो. पायपट्टी स्वाराने रंगमंचावरच गुंडाळली तर? संवाद म्हणत म्हणत जमेल का, कुणी करून पाहिलंय?