मदत हवी आहे : पी३एचटी सगळं हेक्सेनमध्येच उतरतंय

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय, पीएचडीचं दुसरं वर्ष. पॉली-३-हेक्झिलथायोफीन (पी३एचटी, वीज वाहणारं पॉलिमर) ग्रिम म्हणजे ग्रिग्नार्ड मेटॅथेसिस पद्धतीनं करतोय आणि तिसऱ्यांदा फसलंय.

२,५-डायब्रोमो-३-हेक्झिलथायोफीन ३.२६ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल, सुक्या टीएचएफमध्ये (सॉल्व्हंट) घेतलं, हा मोनोमर. त्यात १ मोलरचं टर्शरी ब्युटिल मॅग्नेशियम क्लोराइड (हेच ग्रिग्नार्ड), १० मिली पुरतं खरं तर पण बाटली जुनी, सेप्टमची (रबरी बुचाची) सुया टोचून चाळण झालीय म्हणून अंदाजानं १२ घातलं. दोन तासांनी कॅटॅलिस्ट म्हणून निकेल डीपीपीपी क्लोराइड ५४ मिलिग्रॅम, मोनोमरच्या एक टक्का मोल. रंग नारिंगी, मग गडद लाल, वाटलं जमलं की ओ. मेथॅनॉलमध्ये ओतलं तर भुकटी नाहीच, शेंगाचटणीसारखा तेलकट लाल चिकटा खाली बसला. सॉक्सलेटला (गरम सॉल्व्हंटनं धुवायचं उपकरण) हेक्सेनमध्येच जवळपास सगळं गेलं, क्लोरोफॉर्ममध्ये आलं फक्त ४० मिलिग्रॅम. हिशेबानं १.६६ ग्रॅम यायला पाहिजे.

टीएचएफ सोडियम-बेंझोफिनोनवरचं, निळा रंग धरल्यावरच काढतो. मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणीच एवढं तापतं की कंडेन्सर नुसता नावाला, म्हणून सकाळी सातला येऊन उरकतो. सर म्हणतात ओलावाच. मला पटेना.

प्रतिसाद :
मलाही नाही पटत. ओलाव्यानं ग्रिग्नार्ड मेलं तर डायब्रोमो तसंच उरतं, माल कमी येतो. तुमच्या पॉलिमरच्या चेनच आखूड आहेत, म्हणून हेक्सेनमध्ये जातात. ते १२ मिली खटकलं. बाटली अजून धडधाकट असेल तर २ मिलिमोल ग्रिग्नार्ड मोकळं फिरतंय, आणि निकेल ०.१ मिलिमोल, म्हणजे वीसपट! चेनच्या टोकाला निकेल असतं तिथं हे ब्युटिल जाऊन बसतं, की चेन बंद. लोक टोक बंद करायला शेवटी मुद्दाम जादा ग्रिग्नार्ड घालतात, तुम्ही आधीच घातलंत :)

आधी टायट्रेशन करून ग्रिग्नार्डची खरी ताकद काढा. आयोडीन वजन करून लिथियम क्लोराइडवाल्या टीएचएफमध्ये घ्या, त्यात ग्रिग्नार्ड थेंब थेंब सोडा, तपकिरी रंग गेला की थांबा. मग मोनोमरपेक्षा किंचित कमीच घाला. कॅटॅलिस्टच्या आधी थोडं काढून पाण्यात मारून जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफीला) द्या, डायब्रोमो किती उरलं ते दिसेल.

धागाकर्ता :
वीसपट! मी आपलं जास्त घातलेलं बरं म्हणून घातलं. लिथियम क्लोराइड आहे पण बाटलीत गोळा झालाय, चालेल?

प्रतिसाद :
तसंच नको, ते पाणी लै ओढतं. कुटून व्हॅक्युममध्ये चांगलं तापवा, मग घ्या.