डबलबारीनं तबल्याचा हात बिघडतो?

कुणकेश्वरकर
काल इथं एकानं लिहिलं, "डबलबारीत वाजवलं की हात कायमचा बिघडतो. कोकणातल्या पोरांना शास्त्रीय तबला शिकायचा असेल तर आधी भजनं सोडा." वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सविस्तर लिहितो. डबलबारी म्हणजे आमच्या कोकणात दोन भजनी बुवांच्या मंडळांत रंगणारा भजनाचा सामना. मी बाराव्या वर्षापासून बाऱ्यांना बसतोय आणि विशारदही झालोय. लय मला क्लासात मिळाली नाही. बुवा गजर चढवत नेतो, पखवाजवाला अंगावर येतो, झांज कानाशी वाजत असते, आणि त्या गदारोळात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सोडायची नसते. तिथं मिळाली. तबल्याचे उस्ताद थिरकवाखाँसाहेबांनी गंधर्व नाटक मंडळीत वर्षानुवर्षं पदांना साथ केली. त्यांचा हात बिघडला? १९७० साली पद्मभूषण दिलं त्यांना सरकारनं. आपल्या शेजारच्या गोव्यात पर्वत गावचे तबलावादक खाप्रूमामा देवळातल्या गाण्याबजावण्यात वाढले आणि 'लयभास्कर' झाले.

विलंबित
ती ओळ माझी आहे आणि मी ती मागे घेत नाही. थिरकवाखाँ कंपनीत आले ते गुरू मुनीर खाँसाहेबांची तालीम पचवून. आधी तालीम, मग नाटक. आपल्याकडे क्रम उलटा. वीस वर्षं रत्नागिरीत शिकवतोय. बाऱ्यांना वाजवणारं पोर येतं, 'ना' हा बोल मारतं तो अख्ख्या तळव्यानं. अनामिका लवेवर (शाई आणि कडेमधल्या कातड्यावर) टेकत नाही, तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) नेमकी पडत नाही. माइकला एको लावलेला असतो, त्यात सगळं खपून जातं. मग विलंबित एकतालाच्या बारा मात्रा द्यायला सांगितल्या की चौथ्या मात्रेपासून पळायला लागतं. रिकामी जागा त्याला सोसतच नाही.

घाटावरची एसटी
हात नंतर बिघडेल हो, आधी पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, बिघडते! जून ते सप्टेंबर आमच्याकडे काळी चारच्या सुरात वाजणारा दायाँ (उजव्या हाताचा तबला) उतरून काळी दोनवर येऊन बसतो. सूर चढवायला लाकडी गट्टे ठोकून ठोकून वादी (पुडी ताणणारी कातडी पट्टी) तुटते. पुडी बसवायला फोंडा घाट चढून कोल्हापूर. मागच्या श्रावणात आदल्या दिवशी बसवून आणलेली पुडी घरी पोचेपर्यंत सैल. क्लासवाले यावर कधी बोलतात?

शाई-चाट
गट्टे ठोकू नका, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हलक्या हातानं हातोडी द्या. आणि रात्री तबल्याच्या कपाटात साठ वॉटचा बल्ब. आमच्या घरी बाबांच्या वेळेपासून तेच चालतं.

घाटावरची एसटी
बल्बनं शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) भेगा गेल्या माझ्या. तीन महिन्यांत दोन पुड्या. कुणाला काय सांगताय?

शाई-चाट
बल्ब टेकवून ठेवलात म्हणून. हातभर लांब हवा, आणि रात्रभर नाही, तासभर.

देवगडची लेक
पुडीपेक्षा मोठं दुखणं सांगते. चौदा वर्षांची असताना मी गावच्या बारीला तबल्यावर बसायला गेले. एका बुजुर्ग बुवांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "चेडवा (पोरी), तू झांज घे." मी झांजही घेतली नाही, घरी आले. तबलावादक अनुराधा पाल यांना खुद्द अल्लारखाँसाहेबांनी शिकवलं, आणि आमच्या मंडपात अजून डग्ग्यामागे पोरगी दिसत नाही. भजनाचं इतकं कौतुक चाललंय तर हेही बोला.

कुणकेश्वरकर
ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्या मंडळातही कुणी मुलगी नाही आणि मी कधी विचारलंही नाही. ती चूक माझीसुद्धा.
पण विलंबितसर, तुम्ही शिकवता म्हणून तुमचंच खरं असं होत नाही. बारी संपते पहाटे तीनला. तर्जनीचं कातडं फाटलेलं असतं, चिकटपट्टी गुंडाळून पोरं शेवटचा गजर वाजवतात. त्यांना नालायक म्हणायला जीभ कशी उचलते?

विलंबित
पोरांना नालायक म्हटलेलं नाही. हात नालायक होतो म्हटलं. बोटं फाटतात, म्हणजे वाजवण्यात खोट आहे. नीट बसलेल्या हाताला चार तासांत चिकटपट्टी लागत नाही. झाकीरभाई ९ मार्च १९५१ ला जन्मले आणि वडिलांनी, अल्लारखाँसाहेबांनी, तान्ह्या बाळाच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. बोट चुकलं की त्याच क्षणी सांगणारा माणूस घरात होता. तुमच्या बारीत कोण सांगतं?

आचऱ्याचा ठेका
सर, इथंच तुम्ही स्वतःचा मुद्दा सोडलात. झाकीरभाईंना घरात गुरू होता. देवगडच्या पोराला गुरू महिन्यातून दोन रविवार, तोही पुण्याहून येणारी गाडी वेळेवर आली तर. उरलेले अठ्ठावीस दिवस त्याचा हात सैल पडू नये म्हणून भजनच आहे. दोष भजनाचा की गुरू नसण्याचा?
कणकवलीत ज्यांच्या नावानं प्रतिष्ठान चालतं ते वसंतराव आचरेकर गायक कुमार गंधर्वांच्या तबलासाथीला बसायचे. कुमारजींना साधा, भरलेला ठेका (तालाचे मूळ बोल) लागायचा. ठेका भरून ठेवायची ती सवय दुसऱ्याच्या गाण्याला वाजवल्याशिवाय लागत नाही. एकटं बसून कायदे (तबल्याच्या ठरीव रचना) घोटणाऱ्याला ती कुठून येणार?

विलंबित
साथीबद्दल म्हणालात ते मान्य. क्लासात कायदे-रेले पाठ केलेली माझीच दोन मुलं गायकामागे बसली की गोंधळतात, हे खरं आहे. 'कायमचा' हा शब्दही काढतो. पण भजन सोडायचं नसेल तर बारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास नुसता 'ना' आणि 'तिं', हळू लयीत, आवाज न चढवता. हे केलं नाही तर माझं पहिलं म्हणणं कायम.

कुणकेश्वरकर
पहाटे तीनला घरी आलेला माणूस सकाळी 'ना-तिं' करणार नाही सर. संध्याकाळी करेल. तेवढं मी माझ्या पोरांकडून करून घेतो.

देवगडची लेक
पोरींकडूनही.

घाटावरची एसटी
गणपती तोंडावर आलेत. कुडाळ-सावंतवाडीत पुडी बसवणारं कुणी आहे का, तेवढं सांगा.