कामाकुरा काळ: मुलाला दिलेली जमीन विधवा आई परत घेऊ शकत होती का?

कोकणकडा:
तेराव्या शतकातल्या जपानी योद्धा घराण्यांबद्दल वाचताना एक गोष्ट अडली. नवरा गेल्यावर बाई केस कापून भिक्षुणी होते आणि पुढे तीच मुलांना जमिनी वाटते, दिलेली काढूनही घेते. संन्यास घेतल्यावर मालमत्ता कशी राहते? आणि मुलाकडे शोगुनशाहीचा, म्हणजे कामाकुरातल्या लष्करी सरकारचा, मंजुरी हुकूम असला तर? होजो मासाको नको, ती शोगुनची बायको आणि दोन शोगुनांची आई. साध्या घराण्यांचं सांगा.

पानगळ:
आपल्याकडचा संन्यास डोक्यातून काढा. ही बाई मठात जात नाही, घरातच राहून कारभार बघते. केस कापणं म्हणजे 'पुन्हा लग्न करणार नाही' ही जाहीर खूण, आणि हक्क त्यावरच टिकतो. १२३२ च्या गोसेइबाइ शिकिमोकुत, म्हणजे शोगुनशाहीच्या कायदेसंहितेत (५१ कलमं, शोगुनच्या वतीने कारभार बघणाऱ्या होजो यासुतोकीच्या कारकिर्दीत), कलम २४ आहे: नवऱ्याकडून जमीन मिळालेल्या विधवेने दुसरं लग्न केलं, तर ती जमीन मृत नवऱ्याच्या मुलांकडे जाते.

परत घेण्याला म्हणतात कुइकाएशी. कलम २६ स्पष्ट आहे: मुलाला मंजुरी हुकूम मिळाला असला तरी आईबापांनी मत बदलून जमीन दुसऱ्या मुलाला दिली, तर नंतरचं पत्र खरं. मजकुरात 'आईबाप' असंच आहे, नुसता बाप नाही. कलम १८ ने मुलींना दिलेली जमीनही परत घेता येते. कारण मोठं व्यवहारी दिलंय: परत घेता येणार नसेल तर मुलगी डोईजड होईल, आणि त्या धास्तीने आईबाप मुलींना काही देणारच नाहीत.

म्हणून असल्या खटल्यात पहिला प्रश्न तारखेचा आणि सहीचा. दोन भाऊ दोन पत्रं घेऊन उभे राहिले की नंतरचं जिंकतं. साहजिकच खोटी पत्रंही व्हायची. कलम १५ नुसार त्याला शिक्षा म्हणजे सामुराईची जमीन जप्त, जमीन नसेल तर हद्दपारी, सामान्य माणसाच्या चेहऱ्यावर डाग.

जुनंदप्तर:
ठोस उदाहरण हवं तर ओतोमो योशिनाओची विधवा, भिक्षुणी शिन्म्यो हिचं १२४० चं वाटणीपत्र बघा. नवऱ्याकडून आलेली जमीन शोगुनच्या हुकुमाने तिच्या नावावर होती. ती तिने वाटली, कारण दिलं नवऱ्याची शेवटची इच्छा आणि मुलांचा निर्वाह.

थोरल्याला सागामी प्रांतातलं मूळ ओतोमो गाव. बाकीच्यांना बुंगो प्रांतातल्या ओनो इस्टेटीचे तुकडे: दुसऱ्या आणि आठव्या मुलाला शिगा गाव अर्धं-अर्धं, आणखी एकाला कामिमुरा अर्धं, त्याचं उरलेलं अर्धं मुलगी मिनो-नो-त्सुबोने हिला. दुसरी मुलगी इनु-गोझेन हिला मात्र नाकामुरा. एका विधवेलाही त्याच गावातला छोटा हिस्सा. वाटला जातोय तो जितोचा (शोगुनशाहीने नेमलेल्या जमीन-अधिकाऱ्याचा) हक्क, म्हणजे वसूल आणि बंदोबस्त. आपल्या वतनाच्या तक्षिमांच्या जवळचा प्रकार.

खरी मेख शेवटच्या अटीत आहे. कामाकुराहून कामगिरी किंवा खर्च आला की थोरल्याने तो वाटून द्यायचा आणि प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या प्रमाणात उचलायचा. ही अट नसती तर शोगुनशाहीला जबाबदार धरायला एक माणूस उरला नसता.

कोकणकडा:
मुलींना गाव मिळतंय हे अपेक्षित नव्हतं. पुढे हे बंद का झालं?

पानगळ:
तुकडे पडत गेले म्हणून. अर्ध्या गावाचे पुढच्या पिढीत आणखी भाग, आणि चाकरीचा बोजा तोच. शिवाय मुलीची जमीन तिच्या मुलांकडे, म्हणजे सासरच्या घराण्यात जाते. यावर तोड म्हणून इचिगोबुन रूढ होत गेलं: बाईने हयातभर खावं, मग जमीन माहेरच्या घराण्याच्या प्रमुखाकडे परत. क्यूशू या नैऋत्येकडच्या बेटावर १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांनी घाई केली. १२८६ मध्ये तिथल्या शोगुनच्या चाकरांना हुकूमच निघाला की परकीय धोका असेतो मुलींना जमीन देऊ नका. मुलगा नसेल तर नात्यातला दत्तक घ्या.

जुनंदप्तर:
एक पुरवणी. दानपत्रात नुसतं 'मुलीला दिली' दिसलं म्हणून पूर्ण मालकी धरू नका. 'इचिगो' शब्द आणि तिच्यानंतरच्या वारसाचं नाव शोधा. दोन्ही असतील तर तिला ती विकता किंवा आपल्या मुलाला देता येत नव्हती.