नोटा दाबू का समितीलाच मत देऊ?

वडगावकर:
नमस्कार मंडळी, आमच्या बेळगावात घरचं मत आजोबांपासून महाराष्ट्र एकीकरण समितीलाच (हा कर्नाटकातला मराठी भाग महाराष्ट्रात जावा म्हणणारी) पडत आलंय खरं आता मन घेत नाही. २०१८ आणि २०२३, दोन्ही विधानसभांना समितीचा एकपण आमदार आला नाही. राष्ट्रीय पक्षवालेपण मराठीच उमेदवार देतात, प्रचारात शिवाजी महाराजांचा जयजयकार, आणि निवडून आलं की सरकारी परिपत्रकं मराठीत द्या हा विषयच काढत नाहीत. म्हणून नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही' हे बटण दाबावं म्हणतोय, निषेध तरी नोंद होईल की?

खानापूरचा मास्तर:
नोंद होईल, पुढं काय? २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते बटण आलं, खरं आमदार-खासदारकीला नोटा एक नंबरला आला तरी त्याच्या खालचाच उमेदवार विजयी. डिपॉझिट जप्तीचा हिशोब करतानापण ती मतं धरत नाहीत. महाराष्ट्रात २०१८ पासून स्थानिक निवडणुकांना नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घेतात, आपल्याकडं विधानसभेला तसं काही नाही. मत गुप्त राहतं एवढंच, आधी रजिस्टरात लिहून द्यावं लागायचं आणि बूथवरच्या सगळ्यांना कळायचं.

शहापूरच्या काकू:
१९९६ ची लोकसभा आठवते का कुणाला? समितीनं निषेध म्हणून ढिगानं अर्ज भरले, बेळगावात ४५६ उमेदवार, मतपत्रिकेचं पुस्तक झालं. देशभर बातमी झाली खरी, पण सरकारनं लोकसभेचं डिपॉझिट ५०० वरून १० हजार करून टाकलं, आता तर २५ हजार आहे. त्याउलट २०२१ ची लोकसभा पोटनिवडणूक बघा, समितीचा एकच तरणा उमेदवार आणि १ लाख १७ हजार मतं, पहिल्या दोन नंबरच्या राष्ट्रीय पक्षांत फरक ५ हजारांचा! हरलो तरी मराठी मताला वजन आहे हे दोन्ही पक्षांना दिसलं. निषेध करायचा तर असा, सगळ्यांनी मिळून एका नावामागं.

येळ्ळूर रोड:
काकू पटतंय, खरं २०१८ ला समितीचे दोन गट एकमेकांविरुद्ध उभे राहिले तेव्हा आम्ही मतदारांनी काय करायचं होतं? नुसतं समितीचा आहे म्हणून मत देणं मला जमत नाही. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र बघा, केसेस, मालमत्ता, शिक्षण सगळं असतंय त्यात, निवडणूक आयोगाच्या साईटवर मिळतं. आणि पाच वर्षं माणूस कुठं होता ते बघा, मराठी शाळेत मास्तर नाहीत म्हणून कधी ऑफिसात भांडायला गेला का? सीमाप्रश्नाची, म्हणजे हा भाग महाराष्ट्राचा का कर्नाटकाचा याची केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, ती आमदार सोडवणार नाही, शाळा आणि परिपत्रकांसाठी मात्र तो भांडू शकतो.

वडगावकर:
बरं, मग नोटा राहू दे. एकच नाव ठरलं आणि माणूस कामाचा असला तर समिती. दोन उभे राहिले तर दोघांची प्रतिज्ञापत्रं इथंच टाकतो, सगळे मिळून बघूया.