मार्फन सिंड्रोम : हॅल डिट्झ यांचे शोधनिबंध कुठून वाचायला घेऊ?

गणितमास्तर_नाशिक
नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला मार्फन आहे (शरीराच्या जोड-ऊतींचा जनुकीय आजार, यात हृदयातून निघणारी महाधमनी फुगू शकते). म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नियमित होतो. आता कंबर आणि डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला, त्यात 'ड्युरल एक्टेशिया' निघालं. डॉक्टरांनी नीट समजावलं; बोलता बोलता जॉन्स हॉपकिन्सच्या हॅल डिट्झ यांचं नाव घेतलं. घरी येऊन पबमेडवर (वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची) ते नाव टाकलं, तर निबंधांचा ढीग! सुरुवात कुठून करू? आणि हे गृहस्थ हृदयाचे की मज्जासंस्थेचे?

सोपा_उपाय
सायटेशन बघा, म्हणजे इतरांनी किती वेळा दाखला दिलाय ते. सगळ्यात जास्त ज्याला, तो आधी. खाली खाली येत जा.

निवृत्त_ग्रंथपाल_मिरज
सर, तसं वाचलंत तर गाजलेले निबंध हाती लागतील आणि नेमका हवा तो राहून जाईल. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. थिसिस जवळ आला की पीजीची पोरं असाच ढीग घेऊन यायची.

डिट्झ मूळचे बालहृदयरोगतज्ज्ञ, पुढे जनुकशास्त्रात रमलेले. लेखकांच्या यादीत राबणारा बहुधा पहिला असतो, प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटचा. १९९१ च्या 'नेचर'मधल्या निबंधात डिट्झ पहिले आहेत : मार्फनचं मूळ १५ व्या गुणसूत्रावरच्या फायब्रिलिनच्या जनुकात आहे, ते तिथे सापडेल. २००५ च्या 'नेचर जेनेटिक्स'मध्ये पहिले बार्ट लोईस, शेवटचे डिट्झ. मार्फनशी मिळताजुळता लोईस-डिट्झ सिंड्रोम तो हाच. जिथे नाव अधेमधे आहे, ते पहिल्या फेरीत सोडा. एक सोडून. त्याकडे येतोच.

फायब्रिलिन म्हणजे ऊतींना धरून ठेवणारा धागा, तो कच्चा म्हणून सगळं सैल, असा आधीचा समज. यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की टीजीएफ-बीटा या वाढीच्या संदेशाला लगामही फायब्रिलिनच घालतं. मग २००६ च्या 'सायन्स'मध्ये मार्फनच्या उंदरांना लोसार्टन दिलं, आणि महाधमनीचं फुगणं थांबलं. रक्तदाबाची साधी गोळी हो! २००८ मध्ये, इतर औषधांना दाद न दिलेल्या १८ मुलांत लोसार्टनच्या जातीच्या औषधांनी फुगण्याचा वेग मंदावल्याचं प्रसिद्ध झालं. आशा केवढी वाढली असेल, बघा.

आता २०१४, 'न्यू इंग्लंड जर्नल'. ६०८ मुलं आणि तरुण, चिठ्ठी टाकावी तसे दोन गट, एकाला लोसार्टन, दुसऱ्याला अटेनोलॉल (बीटा-ब्लॉकर जातीचं जुनं औषध), तीन वर्षं. दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. लेखकांत दुसरं नाव डिट्झ यांचंच. स्वतःच्या लाडक्या कल्पनेची अशी परीक्षा घेणाऱ्यांत ते स्वतः बसले, म्हणून माझ्या लेखी त्यांच्या यादीतला हा सर्वांत मोलाचा निबंध. तुम्ही गणिताचे, त्यातले तक्ते तुम्हाला आवडतील. मात्र औषध दोन्ही गटांना होतं. त्यामुळे 'लोसार्टन निकामी' असा अर्थ काढू नका. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'ने अनेक चाचण्यांची एकत्र छाननी छापली, ती लोसार्टनच्या जातीच्या औषधांच्या बाजूने आहे.

मज्जासंस्थेचं म्हणाल, तर २०१२ चा श्प्रिन्झेन-गोल्डबर्ग सिंड्रोमवरचा निबंध पाहा. शरीरयष्टी मार्फनसारखी, शिवाय बौद्धिक अडचणी. दोष निघाला 'एसकेआय' जनुकात, आणि तोही टीजीएफ-बीटाचाच लगाम.

भूलतज्ज्ञ_ताई
निबंधांबद्दल काका बोललेच. मी फक्त रिपोर्टाबद्दल बोलते. मज्जारज्जूभोवतीचं आवरण कंबरेपाशी फुगतं, ते ड्युरल एक्टेशिया. मार्फनच्या निदानासाठीच्या १९९६ च्या गेन्ट निकषांत ते मुख्य लक्षण होतं. २०१० च्या सुधारणेत त्याला २ गुण उरले. त्या सुधारणेतही लोईस आणि डिट्झ दोघं आहेत. दादा, एक लक्षात ठेवा : मुलीचं पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं तर हा एमआरआय भूलतज्ज्ञाला आवर्जून दाखवा. फुगवट्यात पाणी जास्त असतं, पाठीतून दिलेली भूल कधी कधी नीट चढत नाही. आणि काहीही वाचलंत तरी गोळ्या आपल्या मनाने बदलू नका.

गणितमास्तर_नाशिक
ताई, फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलं. काका, २०१४ चा उघडायला गेलो तर पैसे मागतंय?

निवृत्त_ग्रंथपाल_मिरज
जर्नलच्या पानावर नको. पबमेडवर निबंधाचं नाव टाका, उजवीकडे 'पीएमसी'चं चिन्ह दिसलं की त्यावर टिचकी मारा, तिथे पूर्ण मजकूर फुकट असतो. २००६ चाही तसाच मिळेल. आधी २०१४ मधला पद्धतीचा भाग वाचा, निष्कर्ष नंतर.