द्वोरझाकचं 'अमेरिकन' क्वार्टेट अमेरिकन आहे कुठे?

गजधर : चेक संगीतकार द्वोरझाकचं हे क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिनं, व्हायोला (व्हायोलिनहून मोठा, खालच्या सुरांचा) आणि चेलो यांची रचना. ओपस (रचना क्रमांक) 96, एफ मेजर. 1893च्या जूनमध्ये आयोवातल्या स्पिलव्हिलला लिहिलेलं. आराखडा 8 ते 10 जून, पूर्ण स्वरलेखन 23ला हातावेगळं. पण स्पिलव्हिल म्हणजे चेक वस्तीचं गाव! पहिल्यांदा वाजवून पाहिलं तेही चेक कोवारझिक कुटुंबासोबत, पहिलं व्हायोलिन स्वतः द्वोरझाक. सुरुवातीला वर झुळझुळणारी व्हायोलिनं, खाली चेलोचा धरलेला स्वर आणि तिसऱ्या बारपासून (मात्रांच्या तिसऱ्या गटापासून) व्हायोलाची चाल. ही धाटणी प्रागची आहे. चेक संगीतकार स्मेटानाचं 1876चं ई मायनर क्वार्टेट असंच व्हायोलापासून सुरू होतं, आणि 1878च्या त्याच्या खासगी वादनात व्हायोला वाजवणारा होता द्वोरझाकच. मग अमेरिका आली कुठून?

पंचमवाली : स्वरांतून. ती चाल एफ, जी, ए, सी, डी या पाच स्वरांतली. एफला षड्ज धरा, मध्यम-निषाद गायब. निषाद नसला की षड्जाकडे ओढच राहत नाही, त्यात चेलो खाली एफ धरून बसलेला. म्हणून ते मोकळं माळरान ऐकू येतं. न्यूयॉर्कला आल्यावर त्याने कृष्णवर्णीयांची भजनं कान देऊन ऐकली, हे विसरायचं का?

गजधर : पाच स्वर त्याच्या आधीच्या संगीतातही सापडतात. आणि पाच स्वर जुळले म्हणून कुणी भूप राग म्हणत नाही, चलन पाहतो. इथे तर दुसरा विषय, म्हणजे दुसरी मुख्य चाल, थेट ए मेजरमध्ये जातो. हा शुद्ध युरोपीय सोनाटा-विचार, दोन विषय वेगवेगळ्या पट्ट्यांत मांडायचा. जुना ऑस्ट्रियन संगीतकार हेडन डोळ्यांसमोर होता, हे त्याचंच म्हणणं.

पंचमवाली : मग लगेच पुढचं ओपस 97 ऐका, दोन व्हायोलांचं क्विंटेट (पाच वाद्यांची रचना). दुसऱ्या भागात व्हायोला एकाच स्वरावर ठेका धरतो. त्याच उन्हाळ्यात गावात आलेल्या मूळ निवासींच्या खेळातले ढोल त्याने ऐकले होते. अमुक ठेका तमुक ढोलाचा, असा पुरावा मी देणार नाही, पण कानाला पटतं.

चौथी_तार : वाद चालू द्या, पण 'अमेरिकन' या शिक्क्यामुळे वादनाचं नुकसान होतं. शेवटच्या भागात आगगाडी ऐकवायची म्हणून मंडळी वेग चढवतात. वर 'नॉन ट्रॉपो' लिहिलंय, म्हणजे फार नको! आधाराचा ठेका पळाला की छोटे स्वर गिळले जातात आणि मधला कोराल (संथ, चर्चगीतासारखा भाग), जिथे चर्चमधला ऑर्गन आठवतो, तिथे ब्रेक लावल्यासारखं होतं. आधी कोरालचा वेग ठरवा, मग मागे येऊन सुरुवात बसवा.

पहिल्या पानावरही तेच. व्हायोलिनं 'झाडांची सळसळ' म्हणून लांब गज ओढतात, व्हायोला बुडतो. गजाच्या टोकाशी दोन-तीन बोटं एवढाच गज, घोडीपासून (तारा पेलणाऱ्या उभ्या पट्टीपासून) लांब. व्हायोला मात्र घोडीकडे सरकून, भरदार.

गजधर : म्हणजे माझंच म्हणणं. शिक्का काढा, नीट वाजेल.

पंचमवाली : आणि तिसऱ्या भागात पहिलं व्हायोलिन वर जाऊन चिवचिवतं, तो स्पिलव्हिलचा पक्षी? त्याने तिथे ऐकून टिपून घेतलेला. जात कोणती यावर पक्षीवाले भांडोत, प्रागचा तर नाही ना!

चौथी_तार : पक्षी खराच अमेरिकन. तिथे स्वर छोटे ठेवा, कंप कमी. प्रेमगीत झालं की पक्षी उडाला.