युद्धाचे व्हिडिओ: एआय डिटेक्टर आधी लावणं म्हणजे उलटी गंगा

कीफ्रेम: युद्धाचा व्हिडिओ आला की लोक आधी एआय डिटेक्टर, म्हणजे व्हिडिओ एआयने बनवलाय का ते सांगणारं साधन, लावतात. पण मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना 'कराची बंदर पेटलं' म्हणून फिरलेला एक व्हिडिओ निघाला फिलाडेल्फियातल्या विमान अपघाताचा, त्याच वर्षीच्या जानेवारीतला. हवाई माऱ्याचे काही व्हिडिओ तर आर्मा ३ या गेममधले. एआयचा संबंध कुठेच नाही. पहिलं तर अस्सल चित्रीकरण, डिटेक्टर त्याला पासच करणार. म्हणून डिटेक्टर शेवटी, आणि नाही लावला तरी चालेल. आधी ब्राउझरच्या इनव्हिड प्लगइनमधून कीफ्रेम, म्हणजे व्हिडिओतली महत्त्वाची स्थिर चित्रं, काढा. आगीच्या लोळाची फ्रेम घेऊ नका, सगळे स्फोट सारखेच दिसतात. दुकानाची पाटी, मिनार, पाण्याची टाकी असलेली घ्या. ती गूगल लेन्स आणि यांडेक्स या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही साइटवर टाका. नाही सापडलं तर डावं-उजवं उलटवून पुन्हा. चोरून टाकणारे बऱ्याचदा उलटवतात.

रॉफाइल: जुन्या मालाला हे ठीक. काल रात्रीच्या व्हिडिओचं काय? शोधात काही येत नाही आणि लोक म्हणतात, 'बघा, म्हणजे नवा आहे!' मूळ फाइल मागवा, एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमधल्या लपलेल्या माहितीत, तारीख-वेळ असते. व्हॉट्सअ‍ॅप ती पुसतं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

कीफ्रेम: एक्झिफ दोन मिनिटांत बदलता येतं. सावली बदलून दाखवा! जागा ओळखली की सूर्याची दिशा दाखवणाऱ्या सनकॅल्क साइटवर ती आणि तारीख टाका, खांबाची सावली वेळ सांगते. रात्र असेल तर आवाज धरा: लखलखाटापासून धमाका ऐकू येईपर्यंतचे सेकंद गुणिले ३४०, इतके मीटर अंतर. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. स्फोट क्षितिजावर आणि आवाज त्याच क्षणी? मग आवाज मागाहून चिकटवलाय. तेवढ्यावरून दृश्य खोटं ठरत नाही म्हणा. आपल्या वाहिन्या बातम्यांवर सायरन चढवत होत्या, शेवटी सरकारला 'वाजवू नका' असं सांगावं लागलं.

सदाशिवपेठी: एवढा खटाटोप कोण करतंय? सरकारचं पीआयबी फॅक्ट चेक काय ते सांगेल, तोवर फॉरवर्ड करू नका. विषय संपला.

उपग्रहवाला: संपला नाही. युद्धात सरकार स्वतःच पक्षकार असतं. 'राफेल पाडलं' म्हणून फिरलेला फोटो २०२१ मध्ये पंजाबात मोग्याला पडलेल्या मिग-२१ चा आहे, असं पीआयबीने सांगितलं. अगदी बरोबर. पण लोकांनी त्यातून अर्थ काढला की आपलं एकही विमान पडलं नाही. ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं. संख्या दिली नाही, पाकिस्तानचा सहाचा दावा मात्र फेटाळला. फोटो खोटा ठरला म्हणून घटना खोटी ठरत नाही. युक्रेनमधल्या बुचा शहराचंही बघा. रशिया म्हणत होता, आमचं सैन्य ३० मार्च २०२२ ला निघून गेलं, रस्त्यावरचे मृतदेह हा नंतरचा बनाव. मॅक्सार या खासगी कंपनीच्या १९ मार्चच्या उपग्रहचित्रात याब्लुन्स्का रस्त्यावर त्याच जागी ते दिसत होते.

सदाशिवपेठी: मॅक्सार तुमच्या-आमच्या खिशाला परवडणारं नाही. फुकटचं म्हणजे युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र, त्याचा एक पिक्सेल दहा मीटरचा. त्यात मृतदेह सोडा, ट्रकही ओळखू येत नाही.

उपग्रहवाला: ट्रक नाही, पण जळालेलं इंधनाचं गोदाम ओळखू येतं. दर पाचेक दिवसांनी नवं चित्र मिळतं, फक्त आभाळ मोकळं हवं. मे महिन्यात कराचीचं चित्र मिळालं असतं, जुलैत कोकणाचं विसरा.